अर्थिंगवरचं अळू

पनवेलला आमच्या आळीत वीज आली, तेव्हा ती घरात घ्यायची की नाही यावर आमच्याकडे पावसाळाभर खटला चालला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोर्टात बेलीफ होते. त्यामुळे घरात साधी चर्चा कधी व्हायचीच नाही. विजेच्या बाजूनं मी एकटी. रोज संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसून माझा जीव मेटाकुटीला आला होता. सासूबाई तटस्थ होत्या, म्हणजे माझ्या विरुद्ध. अखेर निकाल लागला: वीज घ्यावी, पण ज्या दिवशी कुणाला झटका बसेल त्याच दिवशी तोडावी. "आणि जबाबदार सूनबाई," मामंजींनी पुस्ती जोडली.

वायरमन उरणकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. त्यानं मागल्या दारी खड्डा खणून जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा केला, त्याला तांब्याची तार आवळली आणि भोवती कोळसा आणि घरून आणलेलं मीठ ओतलं.

"ह्यो अर्थिंग. वीज कुटं फुटली, तं हितनं जमिनीत जाईल," तो सासूबाईंना म्हणाला. "पन मीठ ओला पायजे. रोज पानी घाला, काकू."

सासूबाईंनी हे व्रतासारखं धरलं. अंघोळ झाली की तांब्याभर पाणी पाइपाला. मात्र रोज पाणी पडणारी जागा मोकळी ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तिथे अळू लावलं. ते पिवळं पडून मेलं. पुन्हा लावलं, पुन्हा मेलं. सुनेची सावली पडते म्हणून मरतं, असं सासूबाई शेजारणीला सांगताना मी स्वतः ऐकलं आणि दिवसभर धुमसत राहिले.

मग एकाएकी अळूनं असा जोर धरला की पान सुपाएवढं. मामंजी रोज अळूवड्या खाऊ लागले आणि "याला म्हणतात जमीन!" म्हणून ढेकर देऊ लागले. त्याच सुमारास शेगडीला कुठून तरी उत्तम कोळसा मिळायला लागला. मी विचारलं नाही. सासरी न विचारण्यात सुख असतं.

पुढे मामंजींनी ओळखीतून एक जुना टेबलफॅन आणला. लोखंडी, आणि आपल्याकडच्या दमट हवेनं आतून पार सादळलेला. एका दुपारी मी नुकतीच फरशी पुसली होती. मामंजी अनवाणी आले आणि चालू पंखा उचलून आपल्याकडे वळवायला गेले. तालुकाभर लोकांच्या दारावर नोटिसा डकवणारा तो धिप्पाड माणूस "आई गं!" म्हणून झोपाळ्यावर जाऊन पडला आणि तिथूनच ओरडला, "वीज तोडा!"

वायरमन आला. पण तोडण्याआधी अर्थिंग बघतो म्हणाला. अळू बाजूला करून त्यानं उकरलं आणि कपाळाला हात लावला.

"मीठ कुटं गेला? कोळसा कुटं गेला? ह्यो तं शेणखत हाय!" मग त्यानं तुटलेली तार वर काढली. पाइपावरचं जस्त कोयत्यानं खरवडलं गेलं होतं आणि तिथे गंज धरला होता. तारेचं टोक हिरवंगार, खाऊन केसासारखं झालेलं. "मीठ नसला तं वीज जमिनीत शिरत नाय, आनि असला तं तारेला खातो. म्हनून वरचेवर बघायला लागतं. पन हितं तं कुनी खनलाय."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. वीज कुणाला हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांपुढे कंदिलांची रांग उभी राहिली.

"तिच्याकडे काय बघता?" सासूबाई म्हणाल्या. "मी खणलं. मीठ काढलं, कोळसा शेगडीत घातला, खत भरलं."

"कशाला?"

"अळूला. रोज ताटात काय पडत होतं? आणि ढेकर कुणी दिले?"

पुरावा मामंजींनी स्वतःच पोटात घातला होता.

"तरी ठरलं ते ठरलं," ते पुटपुटले.

"खुशाल तोडा. मग संध्याकाळी काचा तुम्ही पुसा. आणि मला अंधारात तांदळातले खडे दिसत नाहीत, ते दाताखाली आले तर खटला भरू नका."

वायरमननं कुणाला न विचारता नवी तार कापायला घेतली. अळू सासूबाईंनी स्वतःच्या हातानं उपटलं, पंखा मामंजींनी परत पाठवला.

दिवेलागणीला सासूबाई तांदूळ घेऊन दिव्याखाली बसल्या आणि अर्धे माझ्या सुपात ओतले. लग्न होऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण माझ्या बाजूनं सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. माझ्यासाठी बोलल्या की दिव्यासाठी, हे मी कधीच विचारलं नाही. 'दिव्यासाठी' म्हणाल्या असत्या, तर मला फार लागलं असतं.