पंख्याखालचं गवत

माझा मुलगा विजेच्या खांबांवर चढतो. वादळात तुटलेल्या तारा जोडायच्या, लाइनखाली वाढलेलं रान साफ करायचं, हे त्याचं काम. लोक विचारतात, "भीती नाही वाटत हो तुम्हाला?" वाटते की. पण ती भीती आता घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी झाली आहे, वेळेवर चहा दिला की कोपऱ्यात गप्प बसते. हल्ली माझ्या डोळ्याला डोळा लागू देत नाही ती काळजी निराळीच आहे.

माझी सून तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेली, ती अजून परतलेली नाही. ती फार्मासिस्ट आहे. तिकडच्या एका हॉस्पिटलमधल्या औषधांच्या दुकानात तिला नोकरी मिळते आहे आणि सोमवारी ती त्यांना होकार कळवणार आहे. एकदा तिकडे नोकरी धरली की ती इथे पाहुणीसारखी येणार, आणि पुढेपुढे तेही नाही. माझा मुलगा यावर अवाक्षर काढणार नाही. मंगळवारी तो डबा घेऊन कामाला जाईल, खांबावर चढेल, उतरेल, आणि त्याला काय झालंय ते कुणाच्या गावीही नसेल.

घरात त्याचं नावच खांब. माझ्या नणंदेने ठेवलेलं. तो लहानपणीच ताडमाड वाढला, पण तोंडातून शब्द म्हणून फुटायचा नाही. "वहिनी, खांबाला हात लावला तर निदान शॉक तरी बसतो," ती म्हणायची, "तुझ्या लेकाला तासभर विचार, हूं नाही की चूं नाही."

मुका मात्र तो नव्हता. त्याला जे बोलायचं असे ते तो मांडून ठेवायचा. शाळेतून येताना पिसं, वाळक्या शेंगा, बारीक फांद्या आणायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याच्या ग्लासात लावायचा. इतकं नेमकं लावायचा, की तो ग्लास उचलून पाणी प्यायला माझा हात धजत नसे. एकदा पाहुणे आले होते. त्याच्या वडिलांना चेष्टेची भारी हौस. ते ग्लासाकडे बोट दाखवून म्हणाले, "आम्हाला मुलगी नाही ना, ती कसर हा भरून काढतो." सगळे खो खो हसले. माझा मुलगाही हसला. मग उठून त्याने ग्लास मोरीत रिकामा केला आणि विसळून जागेवर ठेवला. त्याचे वडील आज नाहीत, आणि मनाने ते वाईटही नव्हते. पण त्यानंतर आमच्या खिडकीत काही लागलं नाही.

गेल्या वर्षी तो एका डॉक्टरीणबाईंच्या घरी वायरिंगमधला फॉल्ट काढायला गेला. त्यांच्या झोपायच्या खोलीत कोपऱ्यात मातीचा उंच रांजण होता आणि त्यात वाळलेल्या गवताचे तुरे. घरी येऊन बूट काढता काढता तो म्हणाला, "आई, त्या खोलीत शिरलो ना, तर कुणीतरी रेडिओ बारीक केल्यासारखं वाटलं."

त्याच्या मानाने हे भाषणच झालं. मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही.

मग त्याचं लग्न ठरलं. मुलगी बडबडी, हजरजबाबी. मला पाहताक्षणी आवडली. पहिल्याच भेटीत चहा पिता पिता ती म्हणाली, "मला ना, स्वतःची खोली कधी मिळालीच नाही. सगळी भावंडं एका खोलीत. माझ्या वाट्याला कपाटाचा एक कप्पा, त्यातही धाकटीच्या बाहुल्या." आम्ही सगळे हसलो. परतीच्या वाटेवर मुलगा म्हणाला, "एक कप्पा." एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून घरात गवत येऊ लागलं.

लाइनखालचं गवत कापणं हे त्यांच्या टोळीचं नेहमीचंच काम. बाकीचे कोयत्याने सपासप कापून ढीग घालायचे, आणि हा निवडून तुरे बाजूला काढायचा. "लग्नात म्हैस मिळतेय वाटतं खांबाला!" टोळीतला एक जण म्हणाला. हा म्हणाला, "हो." तिथे विषय संपला. गवताचा तुरा पानाच्या गुंडाळीतून अर्धा बाहेर आला की तेव्हाच कापायचा, पूर्ण फुलू द्यायचा नाही, हे त्याला पहिल्या दोनतीन जुड्या वाया गेल्यावर कळलं. मग त्या जुड्या काळ्या चिकटपट्टीने, तारांना गुंडाळतात त्याच पट्टीने, बांधून तो आमच्या पोटमाळ्यावर अंधारात उलट्या टांगायचा. कपडे वाळत घालायला मी वर गेले की डोक्यावर वटवाघळं लटकल्यासारखी वाटायची. वाळलेल्या तुऱ्यांवर तो केसांवर मारायचा स्प्रे मारायचा. तो घ्यायला स्वतः दुकानात गेला, आणि दुकानदाराने "बहिणीसाठी का?" विचारल्यावर "हो" म्हणून आला. त्याला बहीण नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने खोलीचं दार लावून घेतलं. कोपऱ्यात रांजण, खिडकीपाशी बुटका माठ, आणि पलंगाच्या उशाशी भिंतीवर तुऱ्यांची मोठी कमान. मला आत बोलावलं तेव्हा मी उंबऱ्यातच थांबले. पांढरे, करडे, मधाच्या रंगाचे तुरे, आणि खिडकीतून येणारं ऊन त्यांच्यात अडकून राहिलेलं. खरंच कुणीतरी रेडिओ बारीक केल्यासारखं वाटत होतं.

"कमानीला बरेच कमी पडत होते," तो म्हणाला. "मग आज सकाळी जाऊन आणले. फुललेले आहेत, हात लावला की उडतात. पण भिंतीवर कोण हात लावतंय?"

"कुणी नाही लावत," मी म्हणाले.

काम करताना तुरे हलू नयेत म्हणून त्याने खोलीतला पंखा बंद ठेवला होता. लोकांचे बंद पडलेले पंखे चालू करण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस स्वतःच्या डोक्यावरचा पंखा विसरला. मीही विसरले.

दुसऱ्या दिवशी लग्न लावून आम्ही भर दुपारी घरी आलो. अंगाची नुसती लाही होत होती. नणंद नव्या नवरीचा हात धरून तिला थेट खोलीत घेऊन गेली. "ये गं, जरा पंख्याखाली टेक," म्हणाली, आणि बटण दाबून रेग्युलेटर शेवटपर्यंत फिरवला.

आधी एकच म्हातारी उडाली. गवताच्या बीला पांढरी लव असते, लहानपणी आपण तिला म्हातारी म्हणत वाऱ्यावर सोडायचो ना, तीच. मग दहा उडाल्या. मग सगळी कमानच सुटली. नवरीच्या केसांत, नव्या कपड्यांवर, नाकात, डोळ्यांत, जिकडेतिकडे लव. ती शिंकत होती, नणंद हात झाडत होती आणि नात्यातल्या पोरी किंचाळत होत्या.

"आई गं! ही खोली आहे का फुटलेली गादी?" सून शिंकांमधून म्हणाली. "कोणी... कोणी केलंय हे?"

दारात माझा मुलगा उभा होता. हातात तिची बॅग. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"डेकोरेशनवाल्याने," तो म्हणाला.

"पहिलंच काम होतं का हो त्याचं?" तिने डोळे चोळत विचारलं.

"पहिलं आणि शेवटचं," नणंद म्हणाली, आणि खोली हशाने भरून गेली. माझा मुलगाही हसला. ते हसू मी ओळखलं. मोरीत ग्लास रिकामा करण्याआधीचं होतं ते.

मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मिटलं.

सून माझ्याजवळ स्वयंपाकघरात डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवत बसली होती तोवर त्याने सगळं गवत पोत्यांत भरलं, भिंत पुसली, खिळे उपटले. दुसऱ्या दिवशी खिळ्यांच्या भोकांत लांबी भरून त्यावर रंगाचा हात मारला. कुठे काही होतं याची खूण उरली नाही. तेव्हापासून त्या खोलीची भिंत कोरी आहे.

गोष्ट तिथेच संपली असती. पण आमच्या घरात डेकोरेशनवाला राहायलाच आला. दूध उतू गेलं, "डेकोरेशनवाला येऊन गेला वाटतं!" कॅलेंडर वाकडं दिसलं, "त्यानेच टांगलं असणार." नणंद आली की पहिला प्रश्न, "काय गं, तुझा डेकोरेशनवाला काय म्हणतो?" सुनेला मी दोष देत नाही. नव्या घरात, परक्या माणसांत, तिने मारलेल्या ज्या पहिल्या विनोदाला सगळे हसले तो हा. तो तिने धरून ठेवला. मलाही हसू यायचं, आणि हसून झालं की चोरी केल्यासारखं वाटायचं. मुलगा प्रत्येक वेळी हसायचा आणि थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जायचा. हळूहळू तो निमित्त न काढताच जाऊ लागला. मग उशिरा येऊ लागला. मग जास्तीची ड्यूटी मागून घेऊ लागला.

एकदा ती दुकानात गेली असताना मी त्याला गाठलं. "सांगून टाक ना रे तिला. त्यात काय एवढं?"

"तेव्हा सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "आता सांगितलं तर ती काय म्हणेल? इतके दिवस मी तिला हसू दिलं, गप्प बसून मजा बघत राहिलो. तिची तिलाच लाज वाटेल."

"आणि तुला वाटते त्याचं काय?"

"मला सवय आहे." मग म्हणाला, "तूही सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे."

सुनेच्या बाजूने पाहावं तर तिचंही बरोबर होतं. माहेरी जायच्या आधी ती माझ्याशी बोलत बसली होती. "आई, ते वाईट नाहीत हो. पण मी या घरात आल्यापासून त्यांनी माझ्यासाठी इकडची काडी तिकडे केलेली नाही. मी असले काय, नसले काय. खोलीसुद्धा बघा ना, भाड्याने आणलेल्या माणसाकडून सजवून घेतली."

मी भाजी निवडत होते. तशीच निवडत राहिले. निवडलेली भाजीच पुन्हा निवडली. शपथ त्याची होती, पण त्या घटकेला मान माझी खाली गेली.

नोकरीचं तिने त्याला फोनवर कळवलं. तो म्हणाला, "तुला बरं वाटेल तसं कर." नंतर तिने मला फोन केला. "आई, 'नको जाऊस' एवढे दोन शब्द जड आहेत का हो? शब्दांचं बिल येतं का त्यांना?" ती हसायला गेली, पण तिला जमलं नाही. मग म्हणाली, "माझे उरलेले कपडे तेवढे पाठवून द्या."

परवा तिची मोठी बॅग काढायला मी पोटमाळ्यावर गेले. कितीतरी दिवस वर पाऊल टाकलं नव्हतं. कपडे हल्ली खालीच, खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळत घालते. दार ढकललं आणि डोक्याला काहीतरी घासलं.

वटवाघळं परत आली होती. जुड्याच जुड्या, काळ्या पट्टीने बांधलेल्या, उलट्या टांगलेल्या. तुरे अर्धेच फुललेले, वेळेवर कापलेले. केसांच्या स्प्रेचा तो गोडसर वास. आणि जमिनीवर, जुड्यांकडे तोंड करून ठेवलेला आमचा जुना टेबलफॅन. तो मी बिघडला म्हणून टाकून द्यायला काढला होता.

मी बटण दाबलं. पंखा जोरात सुरू झाला. जुड्या डुलल्या, एकमेकींवर आपटल्या, पण एक म्हातारीसुद्धा उडाली नाही. मी खाली वाकून फरशीवर हात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

संध्याकाळी तो आल्यावर मी विचारलं, "वरचं गवत कुणासाठी आहे रे?"

त्याचे कान लाल झाले. एवढा दांडगा मुलगा, पण कान अजून शाळेतलेच. "असंच," म्हणाला.

"मग लाव की खोलीत."

"कशाला? ती येणार नाहीये." आणि पोळीचा घास उगाच कितीतरी वेळ चावत बसला.

तेव्हापासून माझ्या मनात नुसती उलथापालथ चालली आहे. शपथ मोडली तर तो माझ्याशी बोलेल का? आधीच काय बोलतो म्हणा! तिला कळलं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल हे तो म्हणतो तेही खोटं नाही. ती रडेल, चिडेल, आपल्या प्रत्येक विनोदाची आठवण काढून स्वतःलाच फाडून खाईल. त्यालाही माझ्यामुळे पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उघडं पडल्यासारखं वाटेल. पण लाज वाटते म्हणून तो गप्प, तो गप्प म्हणून ती दूर, आणि त्या दोघांच्या मध्ये मी, सगळं माहीत असून भाजी निवडत बसलेली. माणूस लाजेने मरत नाही, हे मी पुरेसं पाहिलं आहे. कोऱ्या भिंतीकडे बघत रोज निजणारा माणूस मात्र मला पुढे बघवणार नाही.

म्हणून ठरवलं. चोरून नाही करायचं. उद्या सकाळी तो चहाला समोर बसला की त्याच्यादेखत मी तिला फोन लावणार. त्याचे कान लाल होतील, तो खुर्ची मागे सारून उठेल. उठू दे. दारापर्यंत पोचायच्या आत माझं बोलणं झालेलं असेल. काय बोलायचं तेही ठरलं आहे: "अगं, तो डेकोरेशनवाला सापडला. आपल्याच पोटमाळ्यावर राहतो. या वेळी त्याने पंखा लावून बघितलाय."

आणि मग फोन त्याच्या हातात देणार.