टिटवीने हात हलवला

इडिथ क्विंटलला इडिथ म्हणून हाक मारणारं नॉरफोक बेटावर कुणी नाही. लहानपणी ती रडायला लागली की दरीच्या पलीकडची घरं जागी व्हायची, म्हणून ती टिटवी. टेलिफोनच्या पुस्तकातही टिटवी असंच छापलंय. तिचा नवरा पार्किन त्याच पुस्तकात ‘बुटका’ म्हणून सापडतो. आता तो दारातून वाकून आत येतो, पण नाव पडलं तेव्हा तो खरंच बुटका होता. एकदा पडलेलं नाव बेट परत घेत नाही.

टिटवीला एकच गोष्ट हवी होती. पोटातलं मूल बेटावर जन्माला यावं.

त्यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. तर आमच्याकडे हल्ली कुणाला जन्माला यायची सोयच राहिलेली नाही. बेटाचा कारभार बेटावरची माणसं पाहायची, ते दिवस गेले. आता शाळा, दवाखाना, रस्त्यावरचा खड्डा, सगळं समुद्रापलीकडे राजधानीतल्या एका खात्याच्या हाती. आणि खात्याचा नियम असा, की दिवस भरत आले की बाईने विमानात बसायचं, मुख्य भूमीवर जाऊन बाळंत व्हायचं आणि गाठोडं घेऊन परत यायचं. मरायला मात्र बेट मोकळं आहे. मेलेल्याची आम्ही छान बडदास्त ठेवतो. खड्डा गावातलीच माणसं खणतात, कुणी दमडी घेत नाही आणि मातीला अख्खं बेट लोटतं. ज्यांचं मेलेल्याशी भांडण होतं ते तर सगळ्यांच्या आधी. खरंच गेला का, ते बघायला.

मागल्या खेपेला टिटवी नियमाप्रमाणे गेली होती. मुलगा झाला आणि दिवस मावळायच्या आत गेला. इकडे वादळाने विमानं बंद, पार्किन अडकला. पोराला तिथेच पुरावं लागलं. मातीला टिटवी, एक नर्स आणि एक पाद्री. आमच्याकडे कोंबडी मेली तरी याहून जास्त माणसं जमतात. परत आल्यावर ती कुणाजवळ रडली नाही. टिटवी गप्प झाली, याचीच लोकांना धास्ती वाटली.

म्हणून या खेपेला तिने दवाखान्यात तारीख खोटी सांगितली. चांगली महिनाभर पुढची. थोराड बाई, पोट अंगात जिरून गेलं. खरं काय ते पार्किनला ठाऊक आणि गर्ली आत्याला. आत्याने एके काळी बेटावरची निम्मी पोरं काढली होती. बाकीची निम्मी आपली आपण आली, असं ती सांगते.

त्याच सुमारास खात्याच्या एक बाई आल्या. फेनबाई. नीटनेटका कोट, नीटनेटके केस. त्यांनी लोकांना सभागृहात बोलावलं.

“बाई, पोर कुठं काढायचं हेसुद्धा खात्याला विचारायचं?” गर्ली आत्याने सुरुवात केली. “पोटात राहताना नव्हतं हो विचारलं!”

सभागृह खदखदलं. फेनबाई हसल्या नाहीत. “तुमचं म्हणणं मी नोंदवून घेते. पण इथे सर्जन नाही. उद्या एखादी दगावली तर तुम्हीच मला विचाराल.”

“नोंदवा, नोंदवा. तुमच्या वह्या भरल्या नि आमचे पाळणे रिकामे.”

टिटवी मागच्या बाकावर पोटावर शाल ओढून बसली होती. बाई म्हणत होत्या ते खोटं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण मुख्य भूमीवरचं ते एवढंसं थडगं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

आणि मग जहाज लागलं. बेटाला बंदर नाही. जहाज लांब उभं राहतं आणि माल होड्यांतून धक्क्यावर येतो. कित्येक आठवडे पीठ नव्हतं, बटाटे नव्हते, लोक कच्च्या केळ्याचे उंडे खाऊन कंटाळले होते. सगळं बेट धक्क्याकडे धावलं. पार्किन होडीवर. गर्ली आत्या काठावर, होडीवाल्यांना शिव्या द्यायला.

टिटवीला कळा सुरू झाल्या त्या नेमक्या तेव्हा. फोन उचलला तर मुका. रात्रीच्या वाऱ्याने तिच्या घराकडची तार तुटली होती. ती झाडांना धरत धरत चढ चढून रस्त्यावर आली आणि आलेल्या पहिल्या गाडीला तिने हात हलवला.

इथेच घात झाला. कारण नॉरफोकवर येणारी-जाणारी प्रत्येक गाडी प्रत्येक माणसाला हात हलवते. न हलवणारा शिष्ट, आणि शिष्टाला बेट माफ करत नाही.

पहिला आला ससा, हेही बेटानेच पाडलेलं नाव, ट्रकमध्ये बटाट्याची पोती घेऊन. त्याने ऐसपैस हात हलवला, वर हॉर्नही वाजवला. मग नॉब्ज नवरा-बायको.

“अगो, ती टिटवी बघ! दोन्ही हात हलवतेय!”

“पीठ आलं ना. खूश असेल बिचारी.”

त्यांनीही चारी हात हलवले, स्टिअरिंग सोडून. टिटवीने ओरडायला तोंड उघडलं. जिच्या आवाजाने दरी जागी व्हायची, तिच्या घशातून नुसता वारा निघाला. गाड्या येत होत्या, हात हलत होते, माणसं हसत होती. आपल्याच माणसांच्या गर्दीत ती एकटी मरायला टेकली होती.

जी थांबली ती भाड्याची गाडी होती. फेनबाईंची. बेटाची रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांच्या गावी रस्त्याकडेला हात हलवणारा माणूस अडचणीत असतो.

“काय होतंय तुम्हाला?”

“गर्ली आत्या... धक्क्यावर...”

“अहो, दिवस भरलेत तुमचे! मग तुम्ही इथे कशा?”

टिटवीने त्यांची कॉलर धरली. “ते नंतर नोंदवा!”

धक्का लांब, दवाखाना जवळ. फेनबाईंनी गाडी दवाखान्याकडे पिटाळली. वळणावर गाई रस्ता अडवून उभ्या. आमच्याकडे रस्त्यावर पहिला हक्क गाईचा. बाईंनी हॉर्न दाबून धरला, गाई त्यांच्याकडे रवंथ करत बघत राहिल्या. आणि तिथेच, मागच्या सीटवर, मुलगी झाली. नॉरफोक बेटावर. टिटवीला हवं होतं तसं.

मुलगी निळी पडली होती. रडेना.

फेनबाईंनी तो नीटनेटका कोट काढून तिला चोळलं, चोळतच राहिल्या. मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला नि विरला. जिने खोटी तारीख सांगून विमान चुकवलं, तीच टिटवी आता किंचाळली, आणि या वेळी आवाज फुटला. “विमान मागवा! बाई, तुमच्या पाया पडते, विमान मागवा!”

त्या किंचाळीने गाई हलल्या.

दवाखान्यात डॉक्टरने मुलीला नळी लावली आणि मान हलवली. इथे भागणारं नव्हतं. फेनबाईंनी आपल्याच खात्याला फोन लावला. पलीकडून कुणीतरी अदबीने म्हणालं, नोंद घेतलीय, मंजुरी आली की कळवतो.

“नोंद घेऊ नका!” फेनबाई बोळात ओरडल्या. “विमान पाठवा! पोर मरतंय इथे!”

मंजुरी आली तेव्हा धावपट्टीवर ढग उतरले होते. सगळे खिडकीतून आभाळाकडे बघत बसले. पार्किन खाऱ्या पाण्याने निथळत आला. ससाही आला, पण आत यायचं धैर्य होईना. दारात उभा राहून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

टिटवीने फेनबाईंना जवळ बोलावलं. “ही गेली तर तिथे ठेवू नका. इथे आणा. आणि तिच्या भावालाही आणा. त्याच्या मातीला कुणी नव्हतं.”

सवयीचा शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. “आणीन,” त्या म्हणाल्या. “पण ही जिवंत येईल.”

“ते तुम्हाला काय ठाऊक?”

“नाही ठाऊक.”

ऊन कलताना ढग थोडे फाटले आणि विमान उतरलं. काचेच्या पेटीत मुलगी, बाजूला टिटवी. विमानतळाच्या कुंपणाला अख्खं बेट चिकटलं होतं. हात वर करावा की करू नये, कुणाला कळेना. आधी ससाने केला, मग सगळ्यांनी.

टिटवीने खिडकीतून पाहिलं. तिचं एक बोट पेटीच्या भोकातून आत होतं आणि मुलीच्या मुठीत होतं. दुसरा हात मोकळा होता. तो तिने उचलला नाही, पेटीवर ठेवला. श्वास चालू होता.

बेटाला तिने उलट हात हलवला नाही. आमच्याकडे याला माफी नसते. त्या संध्याकाळी तिला कुणी शिष्ट म्हटलं नाही.