आज रेडिओवर चेंडू आलाच नाही

गाववाल्यांनो, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद लावतेय. अक्षराला हसू नका, आधी वाचा.

देवी येऊन आमच्या मालकांचे डोळे गेले, हे तुम्हाला ठाऊक हाय. नगरला पलटणीच्या गोऱ्यांशी फुटबॉल खेळलेला माणूस, आता आठवडाभर भिंतीकडं तोंड करून पडतो. शनिवारी इथल्या रेडिओवर मुंबईचा सामना सांगतात, तेवढ्यासाठी उठतो. मी पाटावर खडूनं मैदान आखते. ते ऐकत ऐकत चिंचोका चेंडूसारखा सरकवतात.

आज चिंचोका मधोमध ठेवून बसलो, तर रेडिओवाला म्हणाला, "यापुढं सामना सांगणार नाही, फक्त निकाल सांगू." लगेच गाणी लावली.

"निकालच ऐकायचा तर पेपर काय वाईट?" म्हणत दर शनिवारी सामना ऐकायला येणारे गावातले चौघं शिव्या घालत उठले.

मालक तसेच बसून. "अगं, चेंडू कुठं गेला?"

मला राहवलं न्हाई. मीच सांगायला लागले, "गोलकीपरनं चेंडू हातात धरला, पळत पळत पार पुढं नेला, गोल!"

"हातात धरून पळतो व्हय? खोटारडे!" म्हणाले, हसले. मग चिंचोका मुठीत आवळून धरला. घरी आल्यापासून जेवले न्हाईत.

रेडिओवाल्यांना अर्ज कुणी लिहील का? पण उत्तर येईस्तोवर शनिवार थांबायचा न्हाई. अहो चौघांनो, शिव्या घालून तुम्ही मोकळे झालात. शनिवारी पाटाशी बसून खोटा का होईना, सामना सांगाल का? मला तो खेळ येत न्हाई, आणि त्यांची मूठ अजून उघडली न्हाई.