बुडाली नाही, बुडवली आहे

रिटायर झाल्यावर माणसाने काहीही करावं, पण लोणावळ्यात राहून होड्या दुरुस्त करू नयेत. आमच्या यांनी नेमकं तेच काढलं. सारी नोकरी रेल्वेच्या शेडमध्ये लोखंडाशी गेली, लाकडाशी संबंध काय तो पाटावर बसून जेवण्यापुरता. आणि आता पवना धरणाच्या काठच्या गावांमधून मोडक्या होड्या टेंपोत घालून आणतात. अंगणात उलट्या मांडून तासतात, फटींत कापूस ठासतात, वर राळ ओततात. राळ माझ्या चांगल्या पातेल्यात उकळली, तेव्हापासून ते पातेलं त्यांचं झालं. पापड वाळत घालायला मला शेजारणीची गच्ची मागावी लागते.

बरं, होडी नीट झाली की ज्याची त्याला परत. एकदा म्हटलं, मलाही फिरवून आणा की. तर म्हणाले, "तुला पोहता येत नाही." जसं काही यांना येतं!

यंदाची होडी होती आबांची. धरणाकाठच्या एका गावातले आबा. पलीकडे जायला रस्ता नव्हता तेव्हा सगळ्या गावाला त्यांनीच या होडीतून ने-आण केली. आता डावं अंग गेलेलं, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, ओसरीवरच्या खाटेवर पडून असतात. हे होडी बघायला गेले तेव्हा मीही बरोबर होते. आबा एवढंच म्हणाले, "पान्यात घाला तिला. येकदा बसतो." आबांची बायको, म्हणजे मावशी, आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डागदर म्हनला, लय दिस न्हाईत." आणि आमच्या यांनी, ज्यांना लग्नाचा वाढदिवस कधी आठवला नाही त्यांनी, तिथल्या तिथे शब्द दिला, "अक्षय्य तृतीयेला बसाल, आबा."

यांनी दिवसरात्र खपून होडी नीट केली, गावात नेली, आणि काठाजवळ गुडघाभर पाण्यात दगड भरून चक्क बुडवली. मी कपाळाला हात लावला. "अहो, एवढं राबलात ते बुडवायला?" म्हणाले, सुकलेल्या फळ्या आक्रसतात, पाण्यात मुरल्या की फुगतात आणि सांधे गच्च मिटतात. आठ-दहा दिवस तिला कुणी हलवायचं नाही. मला पटलं. पण ते गावाला कोण सांगणार? लाकडी होडी तिथे आता कुणाकडे नाही, सगळ्या फायबरच्या.

दुसऱ्याच दिवशी गावातून फोन. "सायेब, तुमची होडी बुडालती. आमी चौघांनी काडली, उन्हात टाकलीया. काळजी करू नगा!" हे म्हणाले, "फार उपकार झाले." उपकार कसले डोंबलाचे! पुन्हा गेलो, पुन्हा बुडवली. मग काठावर तंबू लावून पर्यटक ठेवणाऱ्या पोरांना ती दिसली. त्यांनी ती काढून तंबूंपुढे मांडली, आत गादी घातली, वर दिव्यांच्या माळा सोडल्या आणि लोकांना त्यात बसवून फोटो काढायला लागली. जाब विचारला तर म्हणतात, "काकू, किती मस्त दिसतीये, राहू द्या ना."

तिसऱ्यांदा बुडवली तेव्हा यांनी पाटी रोवली. 'होडी बुडाली नाही, बुडवली आहे. हात लावू नये.' झालं! रविवारच्या गर्दीतल्या कुणीतरी पाटीसकट व्हिडिओ काढला आणि सोडला मोबाइलवर. बुडवली म्हणजे घातपात, आत माणसं असणार, दोन असणार, नाही चार असणार. संध्याकाळच्या आत बचाव पथकाची मुलं दोर घेऊन हजर. त्यांना तरी काय बोलणार? बिचारी दरीत उतरून लोकांची पोरं वर काढतात. त्यांनी होडी दगडांवरून खेचून बाहेर घेतली, आत कुणी नाही बघून हात जोडले, पण त्या ओढाताणीत तळाची एक फळी उभी चिरली गेली. हे तिथेच मातीत बसले. मला इतका राग आला होता की तो कुणावर काढावा हेच कळेना, म्हणून यांच्यावर काढला.

अक्षय्य तृतीया गेली. फळी बदलली, होडी परत पाण्यात गेली. या वेळी हे स्वतः छत्री घेऊन काठावर पहाऱ्याला आणि मी रोज लोणावळ्याहून डबा घेऊन. तिसऱ्या दिवशी मावशी धापा टाकत काठावर आल्या. आबांनी कालपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं. "आजच बसवा त्यास्नी."

हे म्हणाले, "मावशी, फळ्या अजून फुगल्या नाहीत. होडी पाणी घेईल, तरंगणार नाही."

"घिऊ द्या पानी," मावशी म्हणाल्या. "त्यास्नी कुटं दिसतंय?"

गावातल्या चौघांनी आबांना खाटेसकट आणलं आणि उचलून होडीतल्या आडव्या फळीवर बसवलं. यांनी आतले दगड काढले होते, तरी होडी तळाला टेकलेलीच. आबांच्या पोटऱ्या पाण्यात. हे मागून त्यांना धरून बसले, मावशींनी वल्हं त्यांच्या उजव्या हातात दिलं. मला वाटलं, म्हातारा आता रडणार. कसला रडतोय! पायाला पाणी लागलं तसा खेकसला, "पानी घेतीया! बघत काय बसला, उपसा की!"

आता काय उपसायचं? जेवढं बाहेर टाकू तेवढं फटींतून आत. पण मावशींनी आबांसाठी आणलेला पाण्याचा तांब्याच बुडवला. मी डब्याचं झाकण घेतलं. त्या भर उन्हात आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून धरणातलं पाणी धरणात ओतत होतो. माझी कंबर भरून आली, यांना मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या देऊन झाल्या, पण थांबायची सोय नव्हती. जरा हात मंदावला की आबा ओरडत, "उपसा, उपसा, मधी आलोया!" आणि वल्हं मारत. हे मागे आबांना छातीशी टेकवून, दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून ती डोलवत होते, चालल्यासारखी वाटावी म्हणून.

मग आबांचा हात थांबला. मान जरा वर झाली. "आला काठ," ते म्हणाले. "सावकाश उतरा. आदी बाया."

मावशींनी तांब्या होडीतल्या फळीवर ठेवला. पातळ जरा वर धरलं, काठाकडे एक पाऊल टाकलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "उतरले वो."