कापलेल्या भागातलं लग्न

शैलामावशी गेल्याचं अरुणकाकांनी मला फोनवर सांगितलं ते असं : "शैला गेली. साडेसहाला. डॉक्टरांनी सहा चाळीस लिहिलंय, ते चुकीचं आहे. मी बदलून घेतोय." मावशी माझ्या आईची सख्खी मोठी बहीण आणि काका तिचे यजमान. दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं तपासण्यात या माणसाची हयात गेली. एक आकडा चुकलेला दिसला की अख्खा कंटेनर अडवून धरायचे, मग समोरचा 'हबीबी, प्लीज' म्हणत रडकुंडीला का येईना. बायको गेल्यावरही ते आधी वेळ दुरुस्त करणार, यात नवल नव्हतं. मी फोन ठेवला आणि रडता रडता हसले. हे मावशीला सांगायला हवं, असं मनात आलं... आणि मग हसू थांबलं.

शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये आमची दारं समोरासमोर होती. तेव्हा दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीच्या इंग्रजी चॅनेलवर एक ब्रिटिश मालिका लागायची. इंग्लंडातल्या कुठल्याशा सदा भिजलेल्या गावातलं एक कुटुंब. वडील चिडके, आई दमलेली, आजी तोंडाळ, मुलं तीन. घडायचं काहीच नाही. बॉयलर बिघडायचा, आजी रुसायची, कुणीतरी कुणाला नको ते बोलायचं आणि मग मुकाट्याने चहाचा कप पुढे सरकवायचं. आपण हसत असायचो आणि अचानक आवंढा यायचा. मावशीचं इंग्रजी बेताचं, पण त्या घरात ती सख्ख्या नात्यातली असल्यासारखी वावरायची. "आपल्या मालिकांत बायका झोपतानासुद्धा शालू नेसतात," ती म्हणायची. "हिचा स्वेटर बघ, कोपराला उसवलाय. ही खरी आई!" आता वाटतं, तिला ओढ आणखी एका गोष्टीची असावी. आमच्या टॉवरमधलं कुणाचं बिऱ्हाड कधी उठेल याचा नेम नसायचा. आज ज्या मैत्रिणीकडून विरजण आणलं, ती पुढच्या महिन्यात व्हिसा संपून कायमची मायदेशी गेलेली असायची. त्या मालिकेतलं कुणी दार आपटून निघून गेलं तरी पुढच्या गुरुवारी टेबलाशी हजर. त्या घरात कुणाचाच व्हिसा संपत नव्हता.

अडचण एकच होती. मध्ये अजान झाली की मालिका थांबायची, आणि परत सुरू व्हायची तेव्हा गोष्ट चार पावलं पुढे गेलेली असायची. शिवाय सेन्सॉरची कात्री होतीच. दोन माणसं जरा जवळ आली की खटकन दृश्य बदलायचं आणि त्यातला एकजण दूध उतू जाताना बघत उभा असायचा. ही भोकं बुजवण्याचं काम मावशीकडे होतं. शुक्रवारी सकाळी शेजारच्या हैदराबादी नसीमभाभी चहाला यायच्या. त्यांच्या घरी गुरुवारी टीव्ही सासऱ्यांच्या ताब्यात, त्यामुळे त्यांना मालिका मावशीच्या तोंडूनच कळायची. मावशीची हिंदी मराठीत सुरू होऊन मराठीतच संपायची, पण भाभींची हरकत नव्हती. "फिर क्या हुआ, भाभी?" एवढंच त्या विचारायच्या, आणि मावशी मूळ भागापेक्षा लांबलचक भाग उभा करायची.

तर त्या मालिकेतल्या थोरल्या मुलीच्या घरात एक तरुण राहायचा. आम्हा पोरींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मावशीची मुलगी मनीषा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, ती एकदा म्हणालीसुद्धा, "आई, प्लीज! ही इज हर बॉयफ्रेंड."

"गप गं. पेइंग गेस्ट आहे," मावशी म्हणाली. "आणि किती गुणी! भांडी घासतो बघ रोज. अहो, बघताय ना?" काका पेपरातून मान वर करायचे नाहीत. त्या पेइंग गेस्टच्या गुणांचे पोवाडे आमच्या घरात दोन वर्षं चालले, आणि एका गुरुवारी त्या मुलीला दिवस राहिल्याचं उघड झालं. भाग संपायच्या आतच मावशीने उठून टीव्ही बंद केला आणि कणीक मळायला घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुद्दाम लवकर उठून बसलो. नसीमभाभींना ही आता काय सांगणार?

मावशीने सांगितलं ते लग्न. रजिस्टर लग्न, साधंच. आईने निळा कोट घातला होता, आजी मोठ्यांदा नाक शिंकरत रडली, वडिलांनी बूट पॉलिश केले होते. मी तोंड उघडणार तोच मावशीने माझ्याकडे बघितलं. "हे कधी दाखवलं, मावशी?" मी तरीही विचारलं.

"अजान झाली ना मध्ये, तेव्हा. तो भाग कापला."

"अल्हमदुलिल्लाह," नसीमभाभी म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा कप चहा घेतला.

हसून हसून आमचं पोट दुखलं. पण पुढे मनीषा शिकायला इंग्लंडला गेली, आणि एका सकाळी काकांनी तिला फोन केला तर तो बिजूने उचलला. बिजू आमच्याच शाळेतला, शारजातच वाढलेला मल्याळी मुलगा. तोही तिकडेच होता, इथवर ठीक होतं. पण सकाळी सहाला तिच्या घरी? काकांनी शांतपणे रिसीव्हर ठेवला आणि चार महिने मुलीचं नाव घेतलं नाही. एकदाच म्हणाले, "या घराचं दार तिला बंद. खलास." मावशीने वाद घातला नाही. जन्मात एकटीने दुबईलासुद्धा न गेलेली बाई, इंग्लंडचा व्हिसा काढून तीन आठवडे लेकीकडे राहून आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि वरण वाढता वाढता जाहीर केलं, मुलांनी लग्न केलं. रजिस्टर, साधंच. पाऊस होता. आणि तिने स्वतः निळा कोट घातला होता.

माझा घास तोंडातच राहिला. आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "फोटो?" काकांनी विचारलं. "कॅमेऱ्यात रोल नव्हता," मावशी म्हणाली. कागदावरचा एक आकडा न सोडणारा तो माणूस तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. कंटेनर अडवला जाणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. मग ते म्हणाले, "जावई भात खातो ना? मग घरात मोठा कुकर लागेल." मनीषा त्याच वर्षी सुट्टीला घरी आली. बिजूसह.

काकांना ते खरं वाटलं होतं का, हे मावशी जिवंत असताना कुणी विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र मनीषाला भलतीच धास्ती बसली. बारा दिवस ती बापासमोर चोरासारखी वावरत होती. "शी वॉज द ओन्ली वन होल्डिंग इट," स्वयंपाकघरात ती मला म्हणाली. "बाबांना आता कुणी थेट विचारलं तर ते खोटं बोलणार नाहीत. ही कान्ट." आणि बाराव्या दिवशी मराठी मंडळातल्या एक बाई भेटायला आल्या. शोक करून झाला, पंख्याखाली घाम पुसून झाला, मग सहज म्हणाल्या, "मनीषाचं लग्न अगदी गुपचूप केलंत हो! कुणाला बोलावणं नाही, काही नाही. झालं ना पण... रीतसर?"

चहाचा ट्रे घेऊन मनीषा दारातच थांबली. बिजू जमिनीकडे बघत होता. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"झालं ना," ते म्हणाले. "रजिस्टर. मी होतो तिथे." उभ्या जन्मात इंग्लंडात पाय न ठेवलेला हा माणूस पुढे सांगू लागला, अगदी सावकाश, एकेक गोष्ट तपासून घेतल्यासारखी. ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद होती, शैलाला जिने चढताना धाप लागली. जावयाचा टाय वाकडा होता, तो तिने सरळ केला. "साक्षीदार म्हणून माझी सही आहे," ते म्हणाले. "शैला फार रडली हो त्या दिवशी. मी नाही रडलो."

एवढं बोलून अरुणकाकांनी तोंडावर हात घेतले, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा, पाहुण्या बाईंदेखत, हमसून हमसून रडू लागले.