देवधरांची सिगरेट कुणी सोडवली

"मॅडम, सिगरेट सुटली," देवधर म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

मी फार्मासिस्ट आहे. सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या एका क्लिनिकमध्ये सिगरेट सोडू पाहणाऱ्यांना मदत करणं हे माझं काम. हे वाक्य ऐकण्यासाठीच मला पगार मिळतो. देवधरांकडून ते ऐकायची मी दोन वर्षं वाट पाहत होते.

देवधर एका बँकेत आयटी मॅनेजर. पन्नाशीच्या आसपास, मूळचे पुण्याचे. अँजिओप्लास्टी झाल्यावर हार्टच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. मी सगळं करून पाहिलं. अंगाला चिकटवायचे निकोटिनचे पॅच दिले, चघळायचा गम दिला, गोळ्या दिल्या. त्यांची बायको अनघा हिला बोलावून समजावलं. देवधर प्रत्येक वेळी मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी खोकत यायचे. मग बँकेने त्यांना सहा महिने इंग्लंडला प्रोजेक्टवर पाठवलं. तिथून ते थेट असे, चेहऱ्यावर रंग घेऊन परत आले.

"कशी सुटली?" मी विचारलं.

"लीड्सला सुटली. तिथे तुमच्याच कामातल्या एक मॅडम भेटल्या. आपल्या पुण्याच्याच निघाल्या. केतकी साठे."

"उंच आहे? डाव्या हाताने लिहिते?"

"हो हो. ओळखता तुम्ही?"

"एका वर्गात होतो," मी म्हटलं.

खरं म्हणजे एका खोलीतही होतो. बी.फार्मची चार वर्षं आम्ही पुण्यात हॉस्टेलवर एकत्र काढली. सिंगापूरच्या पहिल्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूसुद्धा दोघींनी दिला. जागा एकच होती, ती मला मिळाली. केतकी नंतर इंग्लंडला गेली. सुरुवातीला ती मेसेज करून विचारायची, "कसं आहे गं तिकडे?" मी फोटो पाठवायचे. जरा जास्तच पाठवायचे. पुढे बोलणं वाढदिवसापुरतं उरलं.

"त्यांनी मला व्हेप दिलं," देवधर सांगत होते. "निकोटिन सॉल्टवालं. तिसऱ्या आठवड्यात सिगरेट बंद. मला स्वतःलाच पटेना."

इथे थोडं समजावून सांगते. व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी बोटाएवढी नळी. आतल्या पॉडमध्ये द्रव असतो. तो तापतो आणि त्याची वाफ ओढायची. काही जळत नाही, त्यामुळे सिगरेटमधलं डांबर नाही. साध्या निकोटिनचा द्रव कडक केला तर घशाला ठसका लागतो. त्यात सौम्य आम्ल मिसळलं की निकोटिन सॉल्ट होतं. ते घशाला बोचत नाही आणि रक्तात लवकर पोचतं, जवळजवळ सिगरेटसारखं. म्हणून वर्षानुवर्षं ओढणाऱ्या माणसाचं त्यावर भागतं. आणि नेमकं त्याच कारणाने, कधी सिगरेटला हात न लावलेल्या पोरांना ते पटकन लागतं. इंग्लंडने पहिली गोष्ट धरली. तिथे सिगरेट सोडवायला व्हेप देतात. सिंगापूरने दुसरी धरली. इथे व्हेप जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे.

मला हे धोरण पटतं. मी स्वतः शाळांमध्ये जाऊन व्हेपविरुद्ध बोलते. पण त्या क्षणी माझ्या मनात धोरण वगैरे काही नव्हतं. मनात एवढंच आलं की केतकीला एक हत्यार मिळालंय, मला ते वापरायची परवानगी नाही, आणि माझा पेशंट तिने तीन आठवड्यांत बरा केला.

"मग आता अडचण काय आहे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कोरडा वाटला.

"ते व्हेप मी मँचेस्टरच्या एअरपोर्टवर कचऱ्यात टाकलं. इथे आणायचं नाही हे माहीत होतं. पण आल्यापासून हाल चाललेत. झोप नाही, घरात सगळ्यांवर खेकसतोय. सिगरेट ओढलेली नाही अजून. पण हात सारखा खिशाकडे जातो."

"पॅच सुरू करू."

"पॅच आधी लावलेत मॅडम. लागू पडले नाहीत."

"या वेळी पडतील."

"केतकी मॅडमना एकदा विचाराल का? त्यांच्याकडे माझं सगळं आहे."

"त्याची गरज नाही," मी म्हटलं.

मी पूर्वीचेच पॅच दिले आणि आठवड्याने बोलावलं.

मिसेस लिम आमच्या क्लिनिकच्या प्रमुख. साठीला आलेल्या, बोलायला तुटक, वाक्याच्या शेवटी इथल्यासारखा 'ला' लावणाऱ्या. दुपारी त्यांनी माझी केस पाहिली.

"इंग्लंडमध्ये तो किती निकोटिन घेत होता?"

"नक्की माहीत नाही."

"मग डोस कशावरून ठरवलास?"

"आधीच्या सिगरेटवरून."

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "तिकडची काउन्सेलर तुझ्या ओळखीची आहे म्हणालीस ना? देन जस्ट कॉल हर, ला."

मी हो म्हटलं. फोन मात्र केला नाही. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी केतकीच्या क्लिनिकचं पान उघडून बसले. तिचा फोटो होता, खाली पेशंटनी लिहिलेलं कौतुक होतं. मी ते सगळं वाचलं. माझ्या पेशंटपैकी कुणी माझ्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही.

आठवडा संपायच्या आत अनघाचा फोन आला. ती हळू बोलत होती, पण धाप लागल्यासारखी.

"वहिनी, यांच्या लॅपटॉपच्या बॅगेत ते निघालंय. व्हेप. मी काय करू?"

आमची घरं पासिर रिसला, दोन ब्लॉकच्या अंतरावर. मी तशीच गेले. देवधर सोफ्यावर मान खाली घालून बसले होते. टीपॉयवर एक निळी नळी होती. लेबल नाही, कंपनीचं नाव नाही. मुलगी शाळेतून यायची होती.

"कुठून आणलंत?" मी विचारलं.

"ऑफिसमधल्या एकाने दिलं. म्हणाला, हेच ते."

"ओढलंत?"

"नाही."

"देवधर, खरं सांगा. हल्ली इथे चोरून विकल्या जाणाऱ्या पॉडमध्ये निकोटिनच असेल याची खात्री नाही. भुलीचं औषध भरलेलं निघालंय. तुमचं हार्ट आहे. आणि पकडलं गेलं तर दंडावर भागेलच असं नाही, तुमच्या इथल्या वर्क पासवरही येऊ शकतं."

"खरंच नाही ओढलं. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये हातात घेऊन उभा होतो. तोंडाजवळही नेलं. मग केतकी मॅडमचं वाक्य आठवलं. ज्यावर लेबल नाही ते तोंडात घालायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

अनघाने देवाकडे बघून हात जोडले. "देव भलं करो त्या बाईंचं."

मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्याच्या आधी दुसरं काहीतरी वाटून गेलं. माणूस माझ्या गावात, माझ्या उपचाराखाली, आणि ऐन वेळी त्याला आठवली ती. मी शाळाशाळांतून नेमकं हेच सांगत फिरते. माझं वाक्य त्यांना आठवलं नाही.

व्हेप जमा करायला कम्युनिटी क्लबमध्ये पेट्या ठेवल्या होत्या. तिथे टाकलं की कुणी नाव विचारत नाही. मी दोघांना तिकडे पाठवलं आणि त्यांच्याच सोफ्यावर बसून केतकीला फोन लावला. लीड्सला तेव्हा सकाळ होती.

"अगंबाई, मंजिरी? आज काय वाढदिवस आहे का कुणाचा?"

"देवधर माझ्याकडे आहेत," मी म्हटलं.

"अगं, ते तुझ्याकडेच यायचे हे मला माहीत होतं. आपली ओळख मी त्यांना सांगितली नाही, पण एवढं म्हटलं होतं, गेल्यावर तुमच्या मॅडमना मला फोन करायला सांगा. तू केलाच नाहीस. मला वाटलं, सगळं ठीक चाललं असेल."

मी डोस विचारला. तिने तो सांगितला. देवधर सॉल्टची तिकडे मिळणारी सगळ्यात कडक मात्रा घेत होते. ती हळूहळू उतरवायची असं ठरलं होतं, तेवढ्यात प्रोजेक्ट लवकर संपला. म्हणजे माणूस पायऱ्या न उतरताच खाली आला होता. मी दिलेल्या पॅचने त्यांची निम्मी गरजही भागत नव्हती.

"आणि नुसता पॅच देऊ नकोस," केतकी म्हणाली. "तो सावकाश चढतो. यांना उठल्या उठल्या आणि मीटिंगनंतर पटकन काहीतरी लागतं. सोबत लॉझेंज दे."

लॉझेंज म्हणजे गालात ठेवून विरघळू द्यायची निकोटिनची गोळी. पॅच दिवसभराची बेगमी करतो, गोळी अचानक आलेली तलफ भागवते. हे मला शिकवायची गरज नव्हती.

"हे मी दोन वर्षांपूर्वीही केलं होतं," मी म्हटलं. "पॅच आणि लॉझेंज, दोन्ही. काही फरक पडला नाही."

"पडणार कसा? ते पॅच काढून टाकायचे."

"काय?"

"सकाळी अनघासमोर लावायचे आणि स्टेशनवर पोचले की काढायचे. तुला माहीत नाही?"

"नाही."

"एकदा शर्टाच्या बाहीतून पॅच दिसला आणि बॉसने विचारलं, काय झालंय? तेव्हा ऑफिसात लोकांना नोकरीवरून काढत होते म्हणे. अँजिओप्लास्टी झालीय हे यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. नोकरी गेली तर पास जाईल, मुलीची शाळा जाईल. त्या भीतीने पॅच काढायचे."

"मग मला का नाही सांगितलं?"

केतकीने उलट विचारलं. "तुझा नवरा त्यांच्याच बँकेत आहे ना?"

माझा नवरा त्यांच्याच बँकेत आहे. अकाउंट्समध्ये. वीस वर्षांत मी त्याच्याजवळ एकाही पेशंटचं नाव काढलेलं नाही. देवधर माझ्याकडे येतात हेसुद्धा त्याला माहीत नाही.

"मी लांबची, म्हणून मला सांगितलं," केतकी म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही घेत," मी म्हटलं. घेतलं होतं.

दोघं परत आल्यावर मी अनघाला चहा ठेवायला सांगितलं आणि देवधरांसमोर बसले.

"केतकीशी बोलले मी. पॅचचं कळलं."

त्यांनी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"तुमची एकही गोष्ट माझ्या घरी गेलेली नाही," मी म्हटलं. "जाणारही नाही. तरीही अवघड वाटत असेल तर मी तुम्हाला माझ्या सहकाऱ्याकडे देते. तो चिनी आहे, त्याचं इथे कुणीच तुमच्या ओळखीचं नाही."

हे बोलणं मला जड गेलं. म्हणजे दुसऱ्यांदा पेशंट दुसऱ्याच्या हाती देणं.

"नको," ते म्हणाले. "तुमच्याकडेच येतो. पण पॅच दिसायला नको."

"पाठीवर लावू. खांद्याच्या खाली. बनियनखाली कुणाला दिसणार नाही. लॉझेंज तोंडात असली तर लोकांना पेपरमिंट वाटेल."

इतकं सोपं होतं. दोन वर्षांत कधीही दंडाऐवजी पाठीवर लावा म्हणाले असते तर पुरलं असतं. पण त्यासाठी आधी अडचण कळायला हवी होती, आणि ती लीड्सला जाऊन बसली होती.

डॉक्टरांना विचारून मात्रा वाढवली. पहिले काही दिवस देवधर रोज फोन करत. चिडचिड कमी झाली, झोप लागायला लागली. पुढे मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली. मधे एकदा हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर जेवताना, कुणीतरी दिलेली सिगरेट त्यांनी घेतली, दोन झुरके मारले आणि टाकून दिली. हे त्यांनी आपणहून मला सांगितलं. त्या दिवशी मला बरं वाटलं. शेवटी पॅच सुटला, मग लॉझेंजही सुटली. आज त्यांच्या रक्तात निकोटिन नाही. टेस्ट मीच केली.

केतकीला कळवलं. तिचं उत्तर आलं: "छान. माझ्याकडचे बरेच जण सिगरेट सोडतात आणि मग व्हेपवरच मुक्काम करतात. तू यांचं निकोटिनच सोडवलंस. मला नसतं जमलं." तिने हे मनापासून लिहिलं असेल. मी ते नवऱ्याला वाचून दाखवणार होते. मग पेशंटचं नाव घ्यावं लागेल म्हणून राहू दिलं.

दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या फराळाला देवधर भेटले. हातात प्लेट, बरोबर दोन-तीन मंडळी. बँकेतलं कुणी नव्हतं. मला बघून त्यांनी हाक मारली.

"या मंजिरी मॅडम," त्यांनी ओळख करून दिली. "सिगरेट सोडायला यांच्याकडे दोन वर्षं जात होतो. सुटली मात्र इंग्लंडला. तिथे केतकी साठे म्हणून आहेत, काय बाई आहे सांगू. कुणाला सोडायची असेल तर नंबर देतो त्यांचा."

एकाने लगेच फोन काढला. मीही हसून उभी राहिले आणि करंजी खाल्ली.

मिसेस लिमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माणूस सिगरेट ओढतोय का?"

"नाही."

"देन व्हॉट्स युअर प्रॉब्लेम, ला?"

प्रॉब्लेम काही नाही. आपला पेशंट दुसऱ्याकडे सुधारला तर त्या दुसऱ्याला फोन करावा, आणि त्याच दिवशी करावा. मी आठवडाभर केला नाही, आणि तेवढ्यात एक निळी नळी माझ्या पेशंटच्या तोंडापर्यंत जाऊन आली. हे मी आता नव्या फार्मासिस्टना ट्रेनिंगमध्ये सांगते. हेवा वाटणार नाही असं काही मी त्यांना सांगत नाही. तो वाटतोच. फोन मात्र तो वाटत असतानाही लावता येतो.