अम्मीच्या रांजणातलं पाणी

अल्लाहवर माझा विश्वास होता, पण साथीच्या त्या उन्हाळ्यात मी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. अम्मी धुळ्याच्या दवाखान्यात वारली, तेव्हा मी नशिराबादला आजारी पडून एका खोलीत बंद होते. आमच्यात आईला शेवटची आंघोळ लेक घालते. मी एकुलती एक. पण साथीत कुणालाच ती आंघोळ मिळाली नाही. अनोळखी माणसांनी तिला पिशवीतच दफन केलं. मला रडू आलं नाही, राग आला.

बरी झाल्यावर पहिलं काम केलं ते हे. धुळ्याला अम्मीच्या घरी जाऊन तिच्या रांजणातलं पाणी बाटलीत भरलं आणि कब्रस्तान गाठलं. आंघोळ राहिली, निदान कबरीवर तरी पाणी घालावं. राखणदार चाचा फाटकातच म्हणाले, “आपा, बायांना आत नाही. आणि खरं सांगू? साथीतल्या कबरी मागच्या भिंतीलगत आहेत, पण नंबरच्या पाट्या वावटळीत उडाल्या. कोणती कुणाची, मलाही सांगता येणार नाही.”

भांडून उपयोग नव्हता. मी बाहेरून वळसा घालून मागे गेले. तिथे मेथीचं शेत होतं. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे मातीचे सारखे उंचवटे. बाटली हातात धरून मी नुसती बघत राहिले. इतकी जवळ होती ती, आणि मला ओळखता येत नव्हती.

“कोनले शोधी राहिनी वं?” मागून शेतातल्या म्हाताऱ्या अक्कांनी विचारलं. मी सांगितलं. “तोंडवरनं फडकं काढ, काही ऐकू ई नै राहिनं!” मी दोन पावलं मागे सरून, फडकं खाली करून पुन्हा मोठ्याने सांगितलं.

तेव्हा माझं लक्ष गेलं. भर मे महिन्यात त्या ओळीची माती ओली होती. तडा एकही नव्हता.

“मी टाकस पानी,” अक्का म्हणाल्या. “कोनीच येत नै. मेथीले रोज देस, तव्हय यास्ले बी.”

“रोज? कोणत्या कबरीवर?”

“माले काय म्हाईत कोन कोनती? बठ्ठास्ले टाकस.”

सगळ्यांनाच. म्हणजे मी खोलीत बंद होते, तेव्हाही अम्मीला रोज पाणी मिळत होतं. एका परक्या बाईच्या हातून, नाव न विचारता. मी ज्याच्याशी बोलणं सोडलं होतं, त्याने माझं काम कधीच दुसऱ्या हाती सोपवलं होतं. मी तरी असंच मानते.

मी बाटली अक्कांच्या भरलेल्या बादलीत रिकामी केली. शेवटची आंघोळ उजव्या अंगाने सुरू करतात, म्हणून ओळीच्या उजव्या टोकाला गेले आणि भिंतीवरून वाकून प्रत्येक कबरीवर तांब्या तांब्या पाणी घातलं. कबरीमागून कबर, तीच दुआ. त्यातली अम्मी कोणती, हे मला आजही माहीत नाही. तिची आठवण आली की मी सगळ्यांसाठीच दुआ मागते. त्यात तीही असतेच.